एआयवाला फोन घ्यायचा, पण त्यात आपलं काय चालतंय?

राजारामपुरी_काउंटर

पाडव्याच्या खरेदीचे फलक कोल्हापुरात राजारामपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत लागलेत. फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या नावाआधी 'एआय'. आणि महिन्याभरानं गिऱ्हाईक परत येऊन विचारतं, "जाहिरातीत दाखवलेलं ते यात कुठं आहे?" विकणाऱ्याकडं उत्तर नसतं, कारण बऱ्याचदा ते त्या फोनमध्ये खरंच नसतं. किंवा असतं, पण मराठीत नसतं. किंवा मराठीत असतं, पण रेंज गेली की बंद.

एआय चांगलं की वाईट हा वाद इथं नको. पैसे मोजलेल्या माणसाच्या पदरात नेमकं काय पडतं आणि ते कुठं अडतं, एवढंच लिहू या. जाणकारांनी आपापल्या धंद्यातलं सविस्तर लिहावं.

सुरुवात ॲपलपासून, कारण तिथं सगळं तारीखवार नोंदलेलं आहे. १० जून २०२४ ला 'ॲपल इंटेलिजन्स' जाहीर झालं. सप्टेंबरात आयफोन १६ विकला गेला तो याच नावावर, पण २० सप्टेंबरला ज्यानं डबा उघडला त्याच्या फोनमध्ये त्यातलं एकही काम नव्हतं. पहिला हप्ता २८ ऑक्टोबरला, आयओएस १८.१ मध्ये. चित्रं बनवणं आणि चॅटजीपीटीची जोड डिसेंबरात, १८.२ मध्ये. आणि जिचा सगळ्यात जास्त गाजावाजा झाला ती नवी सिरी, म्हणजे तुमचे मेल-मेसेज बघून 'आईचं विमान कधी उतरणार' हे सांगणारी, ती मार्च २०२५ मध्ये कंपनीनं स्वतःच पुढं ढकलली आणि तिची जाहिरात मागं घेतली. त्याच महिन्यात अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. एप्रिलमध्ये तिथल्या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियंत्रण यंत्रणेनं 'आता उपलब्ध' हे शब्द काढायला किंवा बदलायला सांगितलं.

सुविधा हप्त्याहप्त्यानं आल्या. गिऱ्हाइकाचा ईएमआय मात्र पहिल्या महिन्यापासून पूर्ण सुरू होता. नाराजीचं मूळ मला इथं दिसतं.

टेस्टबेंच_लक्ष्मीपुरी

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला साधा आयफोन १५ पण यातनं बाहेर राहिला, हे लिहायचं राहिलं बघा. वर्षभरच जुना फोन. १५ प्रो ला मिळालं, १५ आणि १५ प्लस ला नाही. गिऱ्हाइकाला वाटतं कंपनीनं मुद्दाम अडवलं. त्यामागचं कारण रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, आहे, ते समजून घ्या म्हणजे अँड्रॉइड घेतानाही फसगत होणार नाही.

फोनवरच चालणारं मॉडेल, म्हणजे एआयचा शिकवून तयार केलेला प्रोग्रॅम, कायम हाताशी लागतं, म्हणजे रॅममध्ये बसावं लागतं. ॲपलचं फोनवरचं मॉडेल सुमारे ३ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलनं शिकलेल्या आकड्यांचं) आहे. एक पॅरामीटर ४ बिटांत दाबून बसवला तरी ३ अब्ज गुणिले अर्धा बाइट म्हणजे दीड जीबी. वर काम करताना लागणारी जागा वेगळी. ६ जीबीच्या फोनमध्ये निम्म्याच्या आसपास रॅम सिस्टिम आणि मागं चालणाऱ्या ॲपनीच धरलेली असते. त्यात दीड-दोन जीबी अजून कोंबली की कॅमेरा उघडताना व्हॉट्सॲप मागं मरतंय. म्हणून ८ जीबीची अट.

आता लई महत्त्वाचं. डब्यावर '८ जीबी + ८ जीबी' लिहिलेलं असतं, त्यातली दुसरी ८ खरी रॅम नव्हे. ती स्टोरेजमधली उसनी जागा. तिचा वेग खऱ्या रॅमपेक्षा फार कमी, एआय मॉडेलला तिचा काही उपयोग नाही. सेटिंगमध्ये 'फोनविषयी' उघडून 'प्लस'च्या अलीकडचा आकडा वाचा, तोच खरा.

दुसरं स्टोरेज. ॲपलनं आधी ४ जीबी मोकळी जागा सांगितली, मग ७ जीबी. १२८ जीबीचा फोन फोटो-व्हिडिओनं भरत आला की मॉडेल उतरवलंच जात नाही आणि स्विच नुसता फिरत राहतो. दुरुस्तीला येणाऱ्या 'एआय चालू होईना' तक्रारीत हार्डवेअरचा दोष क्वचित. जागा मोकळी करा, वायफायला लावा, चार्जरवर तासभर ठेवा.

उद्यमनगर_सायं

वाचतोय. छान धागा. एक शंका आहे. वडिलांसाठी फोन घ्यायचाय, सगळा मेनू मराठीत पाहिजे. नव्या आयफोनमध्ये मेनू मराठी आणि एआय दोन्ही मिळतंय काय?

राजारामपुरी_काउंटर

दोन्ही एकदम मिळत नाही. आयओएस १८.४ मध्ये, म्हणजे मार्च २०२५ अखेर, दोन गोष्टी एकाच अपडेटमध्ये आल्या: फोनच्या मेनूसाठी मराठी आणि ॲपल इंटेलिजन्ससाठी भारतीय इंग्रजी. पण एआय चालायला फोनची भाषा आणि सिरीची भाषा दोन्ही त्यांच्या एआयच्या यादीतली लागते. त्या यादीत मराठी नाही, हिंदीही नाही. म्हणजे मेनू मराठी केला की एआय बंद.

वडिलांचं काम मराठीत होत असेल तर मेनू मराठीच ठेवा. एआयसाठी जास्तीचे पैसे घालण्यात त्यांच्यासाठी काही अर्थ नाही. सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये एस२४ सोबत फोनवरचं थेट भाषांतर आणलं तेव्हा पहिल्या १३ भाषांत हिंदी होती, मराठी नव्हती. काउंटरवर 'भारतीय भाषा चालतात' असं सांगतात. कुठल्या, हे यादी उघडूनच बघायचं.

काना_मात्रा_वेलांटी

मराठी यादीत असली तरी काम इंग्रजीइतकं का होत नाही, यावर लिहितो. कारणं तीन आहेत आणि लोक ती एकत्र मिसळतात.

पहिलं लिपीचं. संगणक 'लक्ष्मीपुरी' हा शब्द ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी, प, ऱ्हस्व उकार, र, दीर्घ वेलांटी असा ११ चिन्हांत साठवतो. मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे ३३. हेच नाव रोमन लिपीत लिहिलं तर अक्षरं ११ आणि बाइटही ११. मॉडेल मजकूर वाचतं तो 'टोकन' नावाच्या तुकड्यांत, आणि हे तुकडे कसे पाडायचे ते ज्या मजकुरावर ठरलं त्यात इंग्रजीचा वाटा प्रचंड. त्यामुळं इंग्रजी शब्द बहुधा एका तुकड्यात बसतो, मराठी शब्दाचे तीन-चार पडतात. नवी मॉडेलं यात सुधारली आहेत, तरी फरक आहे. परिणाम रोकडा: तेवढंच उत्तर यायला वेळ जास्त, एका वेळी वाचता येणारा मजकूर कमी, आणि टोकनवर पैसे मोजणाऱ्या धंद्याला बिल जास्त.

दुसरं आवाजाचं. प्रमाण मराठी बऱ्यापैकी ओळखली जाते. पण 'काय करायलास', 'जायलोय', 'न्हाई की' असं बोललं की ओळख ढासळते, कारण शिकवणीच्या आवाजांत ही बोली फार थोडी. ळ चा ल होतो. 'गूळ'चं 'गुल' झालं तर वाचणारा सावरून घेईल, पण कळे, कळंबा, वळिवडे ही गावांची नावं पत्त्यात चुकली की पार्सल फिरत बसतं. शिवाय आपल्याकडं बायकाही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. हे ऐकून भाषांतर बोलणारीला पुरुष ठरवतं आणि मेसेज 'सुधारणारं' साधन तिचं वाक्य तिच्या तोंडचं ठेवत नाही. ही चूक बोलणारीची मुळीच नाही. शंभर किलोमीटरच्या टापूत रोज बोलली जाणारी भाषा शिकवणीतून गाळली गेली आहे.

तिसरं आकड्यांचं, आणि व्यापाराला हेच सगळ्यात नडतं. सव्वा, दीड, पावणे, अडीच, साडे ही आपली रोजची मापं. 'पावणेदोनशे' म्हणजे १७५. आवाजावरून लिहिणारी साधनं कधी २०० लिहितात, कधी शब्द तसाच सोडतात, कधी 'पाहुणे दोनशे' करतात. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत दहाचा फरक, उच्चारात थोडाच. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा तोंडी आकड्यांवर चालतो, तिथं असं साधन आज बिलासाठी वापरू नये. टिपणासाठी वापरा, रक्कम हातानं लिहा.

गगनबावडा_रेंज

काना_मात्रा, तुमचं पटतं, पण चित्र फार काळं होऊ नये म्हणून काय चालतं तेही सांगतो.

गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून टायपिंग २०१७ पासून आहे. शांत खोलीत, सावकाश, प्रमाण मराठीत बोललं तर उत्तम. गूगलचं एआय संवादाचं जेमिनी ॲप भारतात जून २०२४ मध्ये ९ भारतीय भाषांत आलं, त्यात मराठी आहे, आणि नंतर बोलून संवाद करायची सोयही मराठीत आली. सरकारी योजनेची माहिती सोप्या मराठीत समजून घेणं, इंग्रजी पत्राचा मथितार्थ कळणं, अर्जाचा मसुदा करणं, ही कामं ते नीट करतं. फोटोतली पाटी वाचणं, फोटोंत 'पावती' शोधणं हेही चालतं. गंमत नव्हे, पण लक्षात घेण्यासारखं आहे: यातली निम्मी साधनं कोणत्याही फलकावर 'एआय' म्हणून विकली गेली नाहीत आणि ती १२-१५ हजारांच्या फोनवरही चालतात. मग ७० हजार कशाचे?

अडचण रेंजची. जेमिनीचं मराठी फोनमध्ये नसतं, दूरच्या सर्व्हरवर असतं. राधानगरी, गगनबावडा, चंदगडच्या घाटात डेटा तुटला की संपलं. बिनानेटचं भाषांतर हवं असेल तर गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठीचा पॅक आधी घरी वायफायवर उतरवून ठेवा आणि विमान मोड लावून एकदा तपासा. ते साधं भाषांतर करतं, संवाद नाही. जाहिरातीत हा फरक कुठंच दाखवत नाहीत.

बिंदू_चौक

+१. 'चालतं' आणि 'माझ्या हातात, माझ्या गावात चालतं' यातला फरक दुकानात कळत नाही, कारण तिथं वायफाय असतं.

पंचगंगा_३९फूट

मेसेजच्या सारांशाबद्दल लिहितो. दिसायला हे साधं काम, म्हणून लोक त्यावर पटकन विसंबतात.

डिसेंबर २०२४ मध्ये ॲपलच्या सारांशानं बीबीसीच्या नावाखाली दाखवलं की अमेरिकेतल्या एका खून खटल्यातल्या आरोपीनं स्वतःवर गोळी झाडली. तसं घडलं नव्हतं, बीबीसीनं तसं लिहिलंही नव्हतं. तक्रार झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये आयओएस १८.३ सोबत बातम्यांचे सारांश थांबवावे लागले.

असं का होतं? सारांश करणारं छोटं मॉडेल चार सूचना एका ओळीत कोंबतं. कोंबताना नकार, आकडा आणि 'कोण म्हणालं' या तीन गोष्टी आधी गळतात. आता आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट डोळ्यांसमोर आणा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. गटावर एकापाठोपाठ एक येतं: '३९ फूट २ इंच', 'अजून ४३ झालेली नाही', 'शिये रस्त्याची चौकशी चालू'. यातला 'नाही' गळला किंवा कालचा आणि आजचा आकडा एकत्र झाला, तर घर सोडायचं की थांबायचं हा निर्णय चुकतो. पुराच्या दिवसांत सूचनांचा सारांश बंद ठेवा, सेटिंगमध्ये ॲपनिहाय बंद करता येतो. पातळी नेहमी वेळेसह, मूळ मेसेजमध्ये, पूर्ण वाचा.

कापशी_वेणी

कोल्हापुरी चप्पल विकणाऱ्यांसाठी एआय कॅमेऱ्याचं थोडं. ऑनलाइन मागवलेली जोडी 'फोटोसारखी नाही' म्हणून परत येण्यामागं मालापेक्षा फोटोच जास्त वेळा असतो.

फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो काढून एकत्र करतो, दाणा (फोटोतली ठिपक्यांची खरखर) घालवतो, कडा कडक करतो. चेहऱ्याला, आकाशाला ते बरं दिसतं. चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी मात्र त्याला 'दाणा' वाटते. ती पुसट होते किंवा उलट प्लास्टिकच्या साच्यासारखी एकसारखी दिसते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याचा रंग दर जोडीला थोडा वेगळा असतो. कॅमेरा तो 'सुधारून' सगळ्या जोड्या सारख्याच तांबूस करतो. हातकामाची जी ओळख, तीच जाते.

उपाय साधा आहे. 'सीन ऑप्टिमायझर' किंवा तत्सम स्विच बंद. प्रो मोड, आयएसओ १००, फोन स्टँडवर. सकाळी खिडकीशेजारी, थेट ऊन नको. साधारण १ मीटरवरून दुप्पट झूम लेन्स, म्हणजे पुढचा अंगठा फुगलेला दिसत नाही. चपलेशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्या आणि त्यावर रंग जुळवा. पार्श्वभूमी काढणारं एआय वापरायचं तर गोंडा आणि बाजूचे कान यांच्या कडा बोटानं पुन्हा तपासा, तिथले धागे कापले जातात. आणि 'एआयनं जोडी पूर्ण करा' हे अजिबात नको. डाव्या पायाची उजवी बनवताना ते शिवण बदलतं, वेणीचे पेड बदलतं. मग गिऱ्हाइकाला जे दाखवलं ते कुणी शिवलेलंच नसतं.

शिरोली_फेटलिंग

फोन सोडून कारखान्याकडं येतो. फौंड्रीत एआय कॅमेऱ्यानं कास्टिंग (ओतीव भाग) तपासायची यंत्रणा विकायला येतात. पत्रकावर '९८ टक्के अचूक'. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

हिशोब करा. १००० कास्टिंगमध्ये २० खराब आहेत. यंत्रणेनं डोळे मिटून सगळी पास केली तरी ती ९८० वेळा बरोबर, म्हणजे ९८ टक्के अचूक! म्हणून दोन आकडे वेगवेगळे मागा: खराबपैकी किती पकडले आणि चांगल्यापैकी किती विनाकारण काढले. समजा ती खराबपैकी ९५ टक्के पकडते आणि चांगल्यावर ५ टक्के चुकते. २० पैकी १९ सापडले. ९८० पैकी ४९ चांगले बाजूला पडले. बाजूला पडलेल्या ६८ मध्ये खरे खराब १९ च. ते ४९ परत तपासायला माणूस लागतोच. मग तपासणीतला माणूस कमी करून यंत्रणेचा खर्च निघेल हा हिशोब उलटतो आणि मालक चिडतो. यंत्रणा निकामी नसते, तिला चुकीच्या आकड्यावर विकलेलं असतं.

डेमो बहुधा त्यांच्या स्वच्छ नमुन्यांवर असतो. आपल्याकडं शॉट ब्लास्टिंगनंतर (छर्रे मारून सफाई केल्यावर) पृष्ठभाग चमकतो, तेल लागलं की दिव्याचा डाग ब्लोहोलसारखा (वायूनं पडलेल्या भोकासारखा) दिसतो, लेन्सवर वाळूची धूळ बसते. कॅमेऱ्याला वरचं दिसतं: ब्लोहोल, कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची रेघ), वर आलेली वाळू. आतली पोरॉसिटी (बारीक पोकळ्या) दिसत नाही, त्याला रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासॉनिकच. खरेदी आदेशाआधी आपलेच २०० नग द्या, त्यात ४० खराब मिसळा, कोणते ते सांगू नका. दोन पाळ्यांत चाचणी घ्या, कारण दिवसा शेडमध्ये येणारं ऊन आणि रात्रीचा दिवा यानं निकाल बदलतो. आणि नवा पॅटर्न (साच्याचा नमुना) आला की मॉडेल पुन्हा शिकवायला किती दिवस, किती नग, किती पैसे, हे करारात लिहून घ्या. पहिल्या वर्षी या एका कलमावरूनच सगळी भांडणं होतात.

उद्यमनगर_सायं

लॅपटॉपचं कुणी सांगाल काय? 'एआय पीसी' आणि साधा यात १५-२० हजारांचा फरक सांगतात.

टेस्टबेंच_लक्ष्मीपुरी

'एआय पीसी' हा शब्द ढिला आहे, कुणीही लावतंय. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस पीसी' या नावाला मात्र ठरलेल्या अटी आहेत: सेकंदाला ४० लाख कोटी क्रियांचा एनपीयू (एआयच्या कामांसाठीचा वेगळा प्रोसेसर), १६ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज. नुसतं कीबोर्डवर कोपायलटचं बटण असलं म्हणून लॅपटॉप त्यात बसत नाही.

एनपीयू करतो काय? व्हिडिओ कॉलमध्ये मागचं धूसर करणं, फोटोतलं शोधणं, थेट उपशीर्षकं, अशी कामं कमी बॅटरीत. टॅली, एक्सेल, कॅड त्यानं पळत नाही. ब्राउझरमध्ये चॅटजीपीटी किंवा जेमिनी वापरायला तो लागतच नाही, ते सर्व्हरवर चालतंय.

मुख्य आकर्षण म्हणून मे २०२४ मध्ये 'रिकॉल' जाहीर केलं होतं. दर काही सेकंदांनी स्क्रीनचं चित्र साठवायचं आणि नंतर शोधून द्यायचं. सुरक्षेच्या जाणकारांनी दाखवलं की साठवलेला मजकूर उघडा पडलाय. जूनमध्ये मशीन बाजारात आली ती रिकॉलशिवाय. ते लोकांपर्यंत यायला एप्रिल २०२५ उजाडलं, तेही आपणहून चालू केलं तरच. बँकेचं काम करणाऱ्यानं बंदच ठेवावं. जानेवारी २०२६ मध्ये डेलच्या अधिकाऱ्यांनीच मान्य केलं की सामान्य गिऱ्हाईक एआय बघून खरेदी करत नाही, त्याचा उलट गोंधळ होतो. १५ हजार जास्त घालायचेच असतील तर १६ जीबी रॅम आणि चांगल्या स्क्रीनमध्ये घाला. ते पाच वर्षं रोज उपयोगी पडतंय.

कसबा_बावडा_तारीख

कायद्याची बाजू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार फसवी जाहिरात म्हणजे केवळ खोटं बोलणं नव्हे. महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणंही त्यात येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

आपल्या विषयाला सगळ्यात लागू पडते ती जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं. त्यात तळटिपेबद्दल स्पष्ट आहे: मुख्य दावा ज्या भाषेत, तळटीपही त्याच भाषेत. अक्षराचा ठसाही दाव्याचाच. आणि तळटिपेनं मुख्य दाव्याला छेद देता येत नाही. आता मराठी फलक आठवा. वर ठळक मराठीत 'तुमच्या भाषेत बोला' आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत 'निवडक भाषा, निवडक मॉडेल, इंटरनेट आवश्यक, सुविधा नंतर उपलब्ध'. यावर आक्षेप घेता येतो. आपण घेत नाही, म्हणून फलक तसेच लागतात.

करायचं काय: फलकाचा किंवा वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचा तारखेसह फोटो, खोक्याचा फोटो, जीएसटी बिल, आणि सुविधा चालत नसल्याचं अर्ध्या मिनिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंग. आधी कंपनीला ई-मेलनं लेखी तक्रार, फोनवर नको. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जायची गरज नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तक्रार ऑनलाइन दाखल होते, वकील सक्तीचा नाही.

दुकानदारांनाही एक सांगतो. व्हॉट्सॲपवर एआय चॅटबॉट लावला की त्यानं दिलेला शब्द तुमचाच धरला जाण्याची तयारी ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं सवलतीच्या भाड्याचा नियम चुकीचा सांगितला. कंपनीनं हात झटकायचा प्रयत्न केला, पण न्यायाधिकरणानं तिलाच जबाबदार धरून भरपाई द्यायला लावली. तो आपल्याकडचा निकाल नाही, पण युक्तिवाद इथंही सहज उभा राहील. भाव, परतावा, हमी या तीन विषयांवर बॉटला उत्तर देऊ देऊ नका. ते ठरावीक मजकुरातूनच जावं.

राजारामपुरी_काउंटर

सगळ्यांचं वाचून काउंटरवर पैसे देण्याआधीची पंधरा मिनिटं कशी वापरायची ते मांडतो.

डेमो फोनवर बहुधा दुकानासाठीचा व्हिडिओ फिरत असतो, ती सुविधा नव्हे. विक्रेत्याला चालू फोन मागा. दुकानाचं वायफाय काढून स्वतःच्या हॉटस्पॉटला जोडा. मग विमान मोड लावून तीच सुविधा पुन्हा उघडा. काय बंद पडलं ते लगेच दिसतं. भाषांची यादी स्वतः उघडा आणि मराठीसमोर काय लिहिलंय ते वाचा. काही वेळा मराठी लेखनाला असते, बोलण्याला नसते.

मग ही चार वाक्यं रोजच्या बोलीत, रोजच्या वेगानं बोला:

"पावणेदोनशे रव्यांचं बिल कर, दर सव्वाचार हजार." (रवा म्हणजे गुळाची ढेप.) उत्तर १७५ आणि ४,२५० आलं पाहिजे.
"एकोणसाठ नको, एकोणसत्तर लिही."
"पार्सल कळ्याला पाठव, कळंब्याला नको."
"आईला सांग मी निघालोय, अर्ध्या तासात पोचतो." हे बाईनं बोलून बघावं.

चारपैकी तीन बरोबर आली तर मराठीसाठी ते साधन उपयोगी समजा. एक-दोनच आली तर एआयचे म्हणून सांगितलेले पैसे देऊ नका, त्याच कंपनीचा खालचा मॉडेल घ्या. विक्रेत्यानं 'अपडेटमध्ये येणार आहे' म्हटलं तर तारीख बिलावर लिहून मागा. तो लिहीत नाही, कारण त्यालाही ती माहीत नसते. त्याला दोष नको, त्याच्या हातात कंपनीनं दिलेला कागदच तेवढा असतो.

बिंदू_चौक

शेवटचं एक. 'अमुक महिने एआय मोफत' असं फोनसोबत देतात. मुदत संपल्यावर पैसे कापले जातात काय?

टेस्टबेंच_लक्ष्मीपुरी

मोफत मुदत सुरू करताना कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागितला आणि तुम्ही दिला, तर कापले जातात. नाही दिला तर कापता येत नाहीत. सॅमसंगच्या एस२४ च्या तळटिपेत सुविधा २०२५ अखेरपर्यंत मोफत असं सुरुवातीलाच लिहिलं होतं, तेव्हा ती ओळ वाचायची सवय लावा.

दिला असेल तर: प्ले स्टोअर उघडा, वर उजव्या कोपऱ्यात प्रोफाइल, 'पेमेंट आणि सदस्यता', तिथं रद्द करा. बऱ्याच योजनांत मुदत संपेपर्यंत सुविधा चालू राहते, तरी रद्द करताना स्क्रीनवर येणारी तारीख वाचा. मग यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' शोधा आणि तिथूनही काढा. नुसतं ॲप डिलीट केल्यानं मँडेट जात नाही. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळं ते एसएमएस न वाचता पुसू नका.